माली साम्राज्याचा इतिहास वाचायचा असेल तर आधी एक वही घ्या

माझे वडील उरणच्या मिठागरात कामाला होते. त्यामुळे मीठ ही वस्तू मला ताटात दिसण्याआधी दारात दिसली, तीही राशीने. मी पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागले, निवृत्त झाले, आणि एका दुपारी वाचताना एका ओळीवर अडकले. सहाराच्या वाळवंटात तगाझा नावाचं एक गाव होतं, तिथली घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची बांधलेली होती, छपरं उंटाच्या कातड्याची होती. हे 1352 साली तिथे मुक्काम केलेल्या माणसाने सांगितलेलं होतं. मिठाच्या भिंतीच्या घरात झोपणारी माणसं कोण, त्यांचं मीठ कोण विकत घेत होतं, या प्रश्नातून मी माली साम्राज्यापर्यंत पोचले. तेरावं ते सोळावं शतक, पश्चिम आफ्रिका, मांडिंका लोकांचं राज्य. आता तिसरी वही चालू आहे.

हा इतिहास मराठीत फारसा मिळत नाही. इंटरनेटवर मिळतो तो बहुतेक एकाच राजाच्या सोन्याबद्दल असतो. म्हणून, ज्यांना घरी बसून, सावकाश, पण नीट वाचायचं आहे त्यांच्यासाठी मी माझी पद्धत सांगते.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात गोष्ट, दुसऱ्यात ती कोणी सांगितली, तिसऱ्यात त्याने ती कधी आणि कुठे उभं राहून सांगितली. तिसरा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. माली साम्राज्याच्या राजदरबारातलं स्वतःचं लिखित दप्तर आपल्या हाती नाही. जे आहे ते बाहेरून आलेल्या अरबी लेखकांचं, तीनशे वर्षांनी टिंबक्टूत लिहिलेल्या बखरींचं आणि तिथल्या कथनकारांच्या तोंडचं. तेव्हा सांगणारा कुठे उभा होता हे कळलं नाही, तर ती गोष्ट वापरता येत नाही. मी शाळेत मुलांना बखर वाचायला देताना हेच विचारत असे: लिहिणारा कोणाच्या पदरी होता?

रकाने आखले की लगेच वाचायला लागू नका. नकाशा काढा, आणि तो हाताने काढा. छापील नकाशावर पातळ कागद ठेवून नायजर नदी गिरवा. गिनीच्या डोंगरात, अटलांटिक समुद्रापासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर ही नदी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून ईशान्येला वाळवंटाच्या काठापर्यंत जाते. टिंबक्टूजवळ वळण घेते आणि मग आग्नेयेला उतरत शेवटी गिनीच्या आखाताला मिळते. एकूण सुमारे 4,180 किलोमीटर. आपली कृष्णा महाबळेश्वरला अरबी समुद्राच्या इतक्या जवळ निघून बंगालच्या उपसागराला जाते, त्यामुळे हे वागणं आपल्याला परकं वाटू नये. वळणाच्या अलीकडे नदीचं पाणी दरवर्षी हजारो चौरस मैलांवर पसरतं. तिथे भात होतो, मासे मिळतात, गुरं चरतात. साम्राज्याचं पोट तिथे भरत होतं.

आता त्या नकाशावर रंगीत पेन्सिलीने तीन गोष्टी मांडा. उत्तरेला वाळवंटात मीठ: तगाझा. दक्षिणेला सोनं: बांबुक आणि बुरे. आणि मधल्या पट्ट्यात व्यापाराची ठाणी: वलाता, टिंबक्टू, जेने, गाओ. उत्तरेला सोनं नाही, दक्षिणेला मीठ नाही. मधली वाट ज्याच्या ताब्यात, त्याचं राज्य. घाना, मग माली, मग सोंघाई, या तिन्ही राज्यांचा उदय आणि ऱ्हास ही वाट हातात येण्या-जाण्याशी जोडलेला आहे.

राज्याच्या सीमा मात्र रंगवू नका. पुस्तकांतल्या रंगीत नकाशांत जेने शहर बिनधास्त मालीच्या हद्दीत दाखवलेलं असतं. सतराव्या शतकातला टिंबक्टूचा बखरकार अल-सादी मात्र लिहितो की मालीने जेनेवर 99 वेळा चढाई केली आणि तरी ते शहर कधी जिंकता आलं नाही. हे पहिल्या दोन रकान्यांत लिहिलंत की तिसरा रकाना भरायला जा: अल-सादी स्वतः काही काळ जेनेच्या मशिदीत इमाम होता. म्हणजे तो खोटं बोलतो असं नाही. पण शहराचा अभिमान ज्या माणसांच्या तोंडून ऐकला, त्यांच्यातच तो राहत होता, हे वहीत असायला हवं.

नावांसाठी एक वेगळं पान ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात गोंधळ उडेल. मांडिंका, मालिन्के, मानिन्का ही एकाच मांदे लोकसमूहाच्या जवळजवळ सारख्या बोलींची नावं आहेत. ‘मनसा’ म्हणजे राजा. आपल्याला तो शब्द वाचून मन आठवतं, ते बाजूला ठेवा. जुनं घाना राज्य आजच्या घाना देशात नव्हतं, ते आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या सरहद्दीवर होतं. आजच्या घानाने 1957 साली आणि आजच्या मालीने 1960 साली स्वतंत्र होताना जुनी नावं अभिमानाने उचलली. साम्राज्याची मायभूमी आजच्या माली आणि गिनी या दोन देशांच्या सीमेवर, कांगाबाच्या आसपास आहे. संस्थापकाचं नाव सुंदियाता, सुंजाता, मारी जाता असं तीन तऱ्हांनी भेटेल. ‘जाता’ म्हणजे सिंह, आणि सुंजाता म्हणजे सोगोलोनचा सिंह. सोगोलोन ही त्याची आई. प्रसिद्ध मूसा राजालाही तिथले लोक कांकू मूसा म्हणतात, कांकूचा मूसा, आणि कांकू ही त्याची आई. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण माझ्या विद्यार्थिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे उजळलेले मला आठवतात.

इतकं झालं की पहिला साक्षीदार बोलवा. तो मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तगाझाच्या मिठाच्या घरांबद्दल मी वर लिहिलं ते त्याचंच. पण त्याचा मालीचा प्रवास लगेच उघडू नका. आधी त्याची दौलताबाद आणि नंदुरबारची पानं वाचा. होय, हाच माणूस मालीला जाण्याच्या सुमारे दहा वर्षं आधी आपल्याकडे येऊन गेला होता. दौलताबादच्या किल्ल्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत असं तो सांगतो. मराठा स्त्रियांच्या नाकाभुवयांचं कौतुक करतो. नंदुरबारचे मराठे कलाकुसरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत, ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जीवहिंसा टाळतात, जेवणाआधी अंघोळ करतात, असं लिहितो. ही माहिती आपण आपल्या डोळ्यांनी तपासू शकतो. त्यातून माणूस कळतो: खाणं, रीतिरिवाज, दर आणि अंतरं यात पक्का, ऐकीव अद्भुत गोष्टींत सैल, आणि सगळं स्वतःच्या धर्माच्या मापाने मोजणारा. साक्षीदाराची परीक्षा ओळखीच्या गावात घ्यावी. हा माझ्या सगळ्या पद्धतीतला मला सर्वात आवडता भाग आहे.

तिसऱ्या रकान्यात एक महत्त्वाची नोंद करा. त्याने हा सगळा प्रवास फेझ शहरात बसून दुसऱ्या लेखकाला तोंडी सांगितला आणि ते काम 1355 च्या अखेरीस संपलं. मालीहून परतून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. म्हणजे दौलताबादपेक्षा मालीची आठवण कितीतरी ताजी होती.

आता मालीची पानं. फेब्रुवारी 1352 मध्ये तो मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून काफिल्याबरोबर निघाला. 25 दिवसांनी तगाझा. तिथे वाळवंटातल्या मसूफा लोकांचे गुलाम जमिनीतून मिठाच्या जाड लाद्या खणून काढतात, एका उंटावर दोन लाद्या चढतात. आमच्या उरणचं मीठ समुद्राचं पाणी आटवून होतं, हे सैंधवासारखं खणून काढायचं. पण कामाची जात मला ओळखता आली. तिथे काही पिकत नाही, खाणं बाहेरून येतं, खजूर आणि उंटाच्या मांसावर जगतात, असं तो लिहितो, आणि गाव त्याला अजिबात आवडलं नाही. मीठ खणणाऱ्या एकाही गुलामाचं नाव तो देत नाही. माझ्या वहीत ती जागा मी रिकामी ठेवली आहे.

मग दर उतरवून घ्या. वलाताला मिठाचं एक ओझं 8 ते 10 मिस्काल सोन्याला, आणि तिथून 24 दिवस पुढे, राजधानीत, तेच ओझं 20 ते 30, कधी 40 मिस्कालला. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. तोळ्यात मांडा म्हणजे अंगावर येईल: वलाताला तीन-साडेतीन तोळे, राजधानीत सात ते अकरा, कधी साडेचौदा तोळे. मिठाच्या राशी दारात असलेल्या आमच्या घरात सगळं मिळून दोन तोळे सोनं नव्हतं. हे गणित मी केलं त्या रात्री मला वडिलांची फार आठवण आली.

असंच दुसरं गणित कवड्यांचं. मालीत किरकोळ बाजारात कवड्या चालत आणि त्या येत मालदीवहून. इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता, त्यामुळे दोन्हीकडचे दर त्याच्या डोक्यात होते. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, मालीत आणि गाओत 1,150. भागाकार करा, जवळपास साडेतीनशे पट. आपल्याकडे ‘कवडीमोल’ म्हणतो ते समुद्राच्या या बाजूचं मोल आहे.

राजधानीत मनसा सुलेमानकडून त्याला पाहुणचार आला. मानाचे पोशाख आणि पैसे येतील या आशेने तो उठून उभा राहिला, तर समोर तीन भाकऱ्या, घार्ती नावाच्या स्निग्धात तळलेला गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही. तो हसला. ही गोष्ट लोक राजाच्या कंजूषपणाची म्हणून सांगतात. पण नकाशा पाहा. दही, मांस आणि धान्य, नदीकाठच्या मुलुखातलं चांगलं ताट. पाहुण्याच्या मनात दिल्लीच्या तुघलकाचा दरबार होता. दोन मापं होती. नंतर त्याने भर दरबारात कुरकूर केली, तेव्हा घर आणि सोनंही मिळालं.

धान्यावरून एक गोष्ट इथेच सांगते. लागवडीच्या बाजरीचे सर्वात जुने ज्ञात अवशेष मालीच्या ईशान्येला तिलेम्सी खोऱ्यात सापडले आहेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. आपली बाजरीची भाकरी त्या मुलुखाची देणेकरी आहे. साम्राज्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण वहीच्या पहिल्या पानावर मी तीच लिहिली आहे.

इब्न बतूताने मालीची स्तुती कशाची केली, तेही लिहा: अन्याय कमी, रस्ते सुरक्षित, मेलेल्या परदेशी व्यापाऱ्याचं धन कोणी हडपत नाही. आणि शेवटी हेही लिहा की तो परतीच्या वाटेवर ज्या काफिल्याबरोबर वाळवंट ओलांडून आला, त्यात 600 गुलाम स्त्रिया होत्या. रस्ते सुरक्षित होते, पण कोणासाठी, हे दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवल्या की दिसतं.

आता मूसा राजाचं पान उघडा. इतका वेळ मी त्याला मुद्दाम मागे ठेवलं. तो 1312 च्या सुमारास गादीवर आला आणि 25 वर्षं राज्य केलं. 1324 च्या जुलैत हजला जाताना कैरोत उतरला. त्याच्याबरोबर किती माणसं होती? अल-सादी 60 हजार म्हणतो, टिंबक्टूच्याच दुसऱ्या बखरीत 8 हजार येतात. दोघेही घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिणारे. वहीत दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका. सगळ्यात उपयोगी साक्षीदार म्हणजे अरबी लेखक अल-उमरी. तो राजा गेल्यानंतर कैरोला आला, पण ज्यांनी राजाला पाहिलं त्यांना भेटला, आणि मालीत 35 वर्षं राहिलेल्या एका माणसाशीही बोलला. तो सांगतो की त्याआधी सोन्याचा मिस्काल चांदीच्या 25 दिरहमांखाली येत नसे. मूसाच्या माणसांनी इतकं सोनं ओतलं की भाव पडला, आणि सुमारे बारा वर्षांनीही तो 22 च्या वर गेला नाही. पंचवीसचे बावीस, म्हणजे शेकडा बारा. इंटरनेटवर ‘इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली’ असं वाचलंत तर ही वजाबाकी जवळ ठेवा. आणि परतताना राजाकडचे पैसे संपले, त्याला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून जबर व्याजाने कर्ज घ्यावं लागलं, हेही त्याच काळातलं.

‘जगातला सर्वकाळचा सर्वात श्रीमंत माणूस’ हे वाक्य माझ्या वहीत नाही. त्याचा खजिना कोणी मोजला नाही, आणि अब्जावधी डॉलरचे आकडे आजच्या लोकांनी बसवलेले आहेत. त्यापेक्षा अल-उमरीने लिहिलेला एक प्रसंग घ्या. सुलतानापुढे जमिनीला डोकं टेकवायला सांगितलं तेव्हा मूसाने आधी नकार दिला. कानात कोणीतरी काही सांगितल्यावर ‘मी ईश्वरापुढे वाकतो’ म्हणून त्याने साष्टांग घातला. सोन्यापेक्षा यातून राजा जास्त समजतो. युरोपात काढलेल्या ‘कॅटलन ॲटलास’ या नकाशावर हातात सोन्याचा गोळा घेतलेला जो काळा राजा दिसतो, तो माजोर्का बेटावर 1375 च्या सुमारास काढलेला, म्हणजे हजनंतर पन्नास वर्षांनी. तो नकाशा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. मोठा करून, उंटावरचा तोंड झाकलेला स्वारही नीट पाहा.

शेवटी कथनकारांकडे या. तिथे त्यांना जेली म्हणतात, फ्रेंचांनी ग्रिओ हा शब्द रूढ केला. सुंजाताची कथा वाचू नका, ऐका. ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. 21 तारांचा कोरा किंवा लाकडी पट्ट्यांचा बालाफोन वाजत असतो आणि प्रत्येक ओळीनंतर दुसरा माणूस ‘नामू’ म्हणतो, म्हणजे ‘होय, खरं’. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ म्हणतात तेच काम. भाषा कळली नाही तरी पहिल्या दहा मिनिटांत तो ‘नामू’ कानात बसतो, आणि मग भाषांतर हातात घेऊन पुन्हा ऐका.

कथा अशी: सोगोलोनचा मुलगा सात वर्षं चालत नाही. सवत तिला गोरखचिंचेच्या पानांवरून टोमणा मारते. मुलगा लोखंडी दांड्याचा आधार घेऊन उठतो आणि झाडच उपटून आईच्या दारात आणतो. मग वनवास, मग सोस्सोचा जादूगार राजा सुमाओरो कांते, ज्याला फक्त पांढऱ्या कोंबड्याच्या पायावरच्या काट्याने, म्हणजे आरीने मारता येतं, आणि किरिनाची लढाई. या लढाईचं साल सगळीकडे 1235 छापतात. ते जेलींनी सांगितलेलं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या इब्न खल्दूनने चौदाव्या शतकाच्या अखेरीस मालीच्या राजांची यादी दिली, त्यात मारी जाताची 25 वर्षं आहेत, आणि त्याचा मुलगा इजिप्तच्या बैबर्स सुलतानाच्या काळात, म्हणजे 1260 ते 1277 मध्ये, हजला गेल्याची नोंद आहे. तिथून मागे मोजत आधुनिक अभ्यासकांनी ते साल काढलं. म्हणून 1235 च्या मागे ‘सुमारे’ लिहा.

कोंबड्याची आर खरी होती का, यात वेळ घालवू नका. जेली काय जपतात ते बघा: कोण कोणाचा भाऊ, कोणत्या घराण्याने कोणाला वचन दिलं, कोणी कोणाची थट्टा केली तर राग मानायचा नाही. केइता, कुयाते, त्राओरे ही आडनावं आजही त्या नात्यांनी बांधलेली आहेत. सुमाओरोचाच म्हणून सांगितला जाणारा बालाफोन गिनीतल्या न्यागासोला गावात कुयाते घराण्याकडे आहे. कांगाबामधल्या कामाब्लोन या गोल पवित्र घराचं गवती छप्पर दर सात वर्षांनी बदलतात आणि त्या वेळी मालीचा इतिहास सांगितला जातो. इथे तिसऱ्या रकान्यात ‘कधी’ या प्रश्नाला दोन उत्तरं लिहावी लागतात, तेव्हाचं आणि आजचं.

ऱ्हासाला माझ्या वहीत दोनच पानं आहेत. 1430 च्या दशकात वाळवंटातल्या भटक्या तुआरेग लोकांनी टिंबक्टू घेतलं, 1468 ला सोंघाईच्या सुन्नी अलीने ते त्यांच्याकडून घेतलं, 1599 ला मालीच्या मनसाने जेने घ्यायचा शेवटचा मोठा प्रयत्न केला आणि हरला. पण पश्चिमेला, आजच्या गांबिया, सेनेगल आणि गिनी-बिसाऊच्या मुलुखात काबू हे मांडिंकांचं राज्य एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलं. तिथले जेली सुंजाताचा सेनापती तिरामाखान त्राओरे याच्यापासून त्याची सुरुवात सांगतात.

राहिली राजधानी. इब्न बतूता तिला नुसतं ‘माली’ म्हणतो आणि शहराआधी दहा मैलांवर सनसरा नदी ओलांडल्याचं सांगतो. गिनीतल्या नियानी गावात उत्खनन झालं, बरीच पुस्तकं तेच नाव छापतात, पण तिथे सापडलेल्या वस्तीचे काळ साम्राज्याच्या भरभराटीच्या शतकांशी नीट जुळत नाहीत. वलातापासून 24 दिवस, हे अंतर घेऊन माझ्या नकाशावर मी नदीच्या दोन्ही तीरांना पेन्सिलीने दोन बारीक वर्तुळं काढून ठेवली आहेत.